पडदा कोणाचा? ऑनलाइन खेळातील ॲडऑनचा इतिहास

दांडीच्या किनाऱ्याने उत्तरेकडे निघाले की थोड्याच अंतरावर तारापूरचे अणुऊर्जा केंद्र लागते. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने उभारलेल्या तेथील पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून २८ ऑक्टोबर १९६९ पासून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. त्या पिढीच्या अणुकेंद्रांतील नियंत्रणकक्ष म्हणजे भिंतभर तबकड्या, दिवे आणि एकसारख्या दिसणाऱ्या मुठींच्या रांगा.

अशाच एका अमेरिकी केंद्रातील कर्मचाऱ्यांनी शेजारशेजारच्या दोन सारख्या मुठींत घोटाळा होऊ नये म्हणून त्यांवर चक्क बिअरच्या नळाचे दोन निरनिराळे दांडे बसवले. डोनाल्ड नॉर्मन यांनी हा प्रसंग १९८८ च्या आपल्या ग्रंथात नोंदवला आणि तो गाजला. फलक घडवणारा एक असतो, त्यापुढे तासन् तास बसणारा दुसराच. या दोघांमधील रस्सीखेच पुढे एका ऑनलाइन खेळात वीस वर्षांहून अधिक काळ चालली.

तो खेळ म्हणजे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’. ब्लिझार्ड कंपनीने २३ नोव्हेंबर २००४ रोजी तो उत्तर अमेरिकेत खुला केला. एकाच काल्पनिक जगात हजारो खेळाडू आपापले पात्र घेऊन वावरत. मोठ्या मोहिमेवर चाळीस जण एकत्र निघत. चाळीस जणांचे प्राणबळ, मंत्रांच्या कळा, नकाशा आणि संभाषण हे सारे एकाच पडद्यावर मावायचे! कंपनीने हा पडदा बंदिस्त ठेवला नाही. त्याची मांडणी लुआ आणि एक्सएमएल या भाषांत लिहिलेली होती आणि खेळाडूंनाही त्याच भाषांत भर घालण्याची मुभा होती.

लुआची जन्मकथा येथे सांगितलीच पाहिजे. ही भाषा १९९३ साली रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात इएरुसालिम्स्की, फिगेरेदो आणि सेलेस या तिघांनी घडवली. १९७७ ते १९९२ या काळात ब्राझीलने परदेशी संगणक व सॉफ्टवेअर यांच्या आयातीवर कडक निर्बंध घातले होते. त्यामुळे आपली साधने आपणच घडवण्याची सवय तेथे मुरली होती. पेट्रोब्रास या सरकारी तेलकंपनीच्या अभियंत्यांची सोय हे लुआचे मूळ प्रयोजन. पोर्तुगीजमध्ये ‘लुआ’ म्हणजे चंद्र. (तारापूरचा किल्लाही एकेकाळी पोर्तुगीजांचाच, १७३९ साली तो मराठ्यांनी घेतला.)

ॲडऑन बसवण्याची रीत साधी होती, पण चुकांना वाव भरपूर. उतरवलेली झिप फाइल उलगडून तिच्यातील फोल्डर खेळाच्या ‘इंटरफेस’ फोल्डरमधील ‘ॲडऑन्स’मध्ये ठेवायचे. आतील ‘टीओसी’ फाइलचे नाव आणि फोल्डरचे नाव तंतोतंत जुळावे लागे. उलगडताना फोल्डराच्या पोटात आणखी एक फोल्डर तयार झाले, तर ॲडऑन यादीत दिसतच नसे. नवख्यांची निम्मी डोकेदुखी एवढीच. टीओसीमध्ये खेळाच्या आवृत्तीचा क्रमांकही असे. खेळ अद्ययावत झाला आणि हा क्रमांक मागे राहिला, की ॲडऑन कालबाह्य ठरे. मग पात्रनिवडीच्या पडद्यावर कालबाह्य ॲडऑन चालू ठेवण्याच्या चौकटीत खूण करायची आणि पुढे काही बिघडले तर सोसायचे. खेळाडूने बेतलेली मांडणी मात्र वेगळ्या ‘सेव्हड व्हेरिएबल्स’ फोल्डरमध्ये राही, म्हणून ॲडऑन बदलले तरी ती टिकत असे.

सोय कोठे संपते आणि यंत्रच खेळू लागते कोठे, हा प्रश्न ‘डिकर्सिव्ह’ने उभा केला. ‘मोल्टन कोअर’च्या मोहिमेत शत्रू साऱ्या तुकडीवर शाप टाकी. कोणाला शाप लागला हे ओळखून योग्य तो उतारा देणे ही खेळाडूची खरी कसोटी. हे ॲडऑन बाधित साथीदार स्वतःच शोधी आणि उतारा निवडी. खेळाडूने तीच एक कळ पुनःपुन्हा दाबायची. डिसेंबर २००६ मधील २.० आवृत्तीने हा मार्ग बंद केला. लढाई चालू असताना लक्ष्य आणि मंत्र निवडण्याचा अधिकार ॲडऑनकडून काढून घेण्यात आला. तो निर्णय रास्तच होता.

मार्च २००९ चे धोरण तितके निर्विवाद नव्हते. ॲडऑन विनामूल्य असावे, त्याची संहिता वाचता यावी, त्यात जाहिरात नसावी आणि खेळाच्या आत देणगी मागू नये, असे दंडक आले. रात्री जागून फुकट काम करणाऱ्या काही कर्त्यांना ते झोंबले आणि त्यांनी हात आखडता घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कामगिरीचे ठिकाण नकाशावर दाखवण्याची सोय कंपनीने स्वतःच खेळात आणली. ती तोवर ॲडऑनची मक्तेदारी होती. पडद्याचे घटक हवे तेथे सरकवण्याची अधिकृत सोय मात्र थेट २०२२ साली आली.

कंपनीच्या कल्पनेपलीकडचे कामही या मोकळीकीतून झाले. खेळाच्या ‘क्लासिक’ आवृत्तीसाठी ‘स्कू’ नावाचे ॲडऑन निघाले. ते मेनू ऐकवते, आवाजाच्या खुणांनी दिशा दाखवते, आणि त्यामुळे अंध खेळाडूंना त्या जगात चालता-लढता येते.

२०२५ मध्ये ब्लिझार्डने ‘मिडनाइट’ या नव्या विस्ताराबरोबर सर्वांत कठोर पाऊल जाहीर केले: लढाईतील माहिती ॲडऑनला दाखवता येईल, पण तिच्यावरून काही ठरवता येणार नाही. शत्रूच्या हल्ल्यांची पूर्वसूचना आणि हानीचे मोजमाप ही साधने कंपनी स्वतः देणार होती. लक्षावधींच्या पडद्यावर असलेल्या ‘वीकऑराज’च्या कर्त्यांनी त्यानंतर कळवले, की मिडनाइटसाठी ते आपले ॲडऑन काढणार नाहीत.