पिवळ्या डब्याचा हिशेब

आमच्या वळच्या घरात कंदमूळ नाही, सूर्यास्तानंतर जेवण नाही. पण सणाची शंकरपाळी डालड्यात तळली तर कोणी हरकत घेत नसे. वनस्पतीच ना ती!

मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि १९३७ साली डालडा बाजारात आला. महागड्या तुपाला तो स्वस्त पर्याय होता. तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट करत. त्यातून ट्रान्स फॅट तयार होई. त्याने वाईट कोलेस्टेरॉल वाढते, चांगले घटते आणि हृदयविकार व पक्षाघाताचा धोका वाढतो. १९९० च्या सुमारास संशोधकांना हे स्पष्ट दिसू लागले. भारतात तेला-तुपातील ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा जानेवारी २०२२ पासून आली.

मी कॉमर्सची, वजाबाकी केली: पंच्याऐंशी वर्षे. याच काळात सासरे हृदयविकाराने गेले. दोष एकट्या डब्याचा म्हणणार नाही. मीठ, पापड, लोणचेही भरपूर होते.

आता महिन्याचे तेल मी मोजून आणते. ताटात मुगाचे वरण, भाजी जास्त, पापड कधीतरी. आणि ऊनोदरी, म्हणजे भुकेपेक्षा दोन घास कमी. धर्माने सांगितलेले हे तप आम्ही उपवासापुरतेच ठेवले होते. आता रोज पाळतो.