फ्लॅट स्विंग: बग की फीचर?

ज्यांचा हात लहानपणी क्रिकेटच्या बॅटवर बसलाय, त्यांनी तिशीत गोल्फचा क्लब धरला की कोच एक वाक्य हमखास ऐकवतो: "स्विंग फार फ्लॅट आहे." माझा एक मित्र मूळचा रोहण्याचा (ता. आर्वी, जि. वर्धा). टेनिस बॉलला पुल मारत मोठा झालेला, आता ऑफिसच्या लोकांबरोबर ड्रायव्हिंग रेंजवर जातो. वैतागून म्हणाला, "म्हणजे आजवर जे खेळलो ते सगळं चुकीचंच का बे?"

प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर इतिहासात आहे.

फ्लॅट म्हणजे क्लब वर न जाता अंगाभोवती आडवा फिरणं. मग खाली येताना तो फार आतून येतो, आणि बॉल एकतर सरळ उजवीकडे जातो नाहीतर जोरात डावीकडे वळतो (उजव्या हाताच्या खेळाडूचा).

गंमत म्हणजे एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला हाच स्विंग प्रमाण मानला जायचा. तेव्हाचे लाकडी क्लब लांब, त्यांचा दांडा जमिनीशी कमी कोन करणारा. खेळाडू बॉलपासून लांब उभा राहायचा, त्यामुळे हात आडवाच फिरणार ना! मग आला जर्सी बेटावरचा हॅरी व्हार्डन. त्याचा स्विंग त्या काळाच्या मानानं बराच उभा होता, आणि १८९६ ते १९१४ या काळात त्यानं ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली. यश मिळालं की तीच पद्धत 'बरोबर' ठरते! १९२९ मध्ये ब्रिटनमध्ये स्टीलच्या दांड्याला मान्यता मिळाली, आणि हिकरी लाकडाच्या दांड्यांसोबत जुना स्विंगही मागे पडत गेला.

पण गोष्ट इथे संपत नाही. बेन होगनचा स्विंग फ्लॅट होता, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं तो डावीकडे वळणाऱ्या बॉलनं, म्हणजे हूकनं हैराण होता. त्यानं काय केलं? स्विंग उभा नाही केला. पकड बदलली, डाव्या मनगटाचा कोन बदलला. १९५७ च्या 'फाइव्ह लेसन्स' या पुस्तकात त्यानं बॉलपासून खांद्यांपर्यंत तिरकी काच ठेवल्याची कल्पना मांडली. हात त्या काचेच्या वर गेले तर काच फुटणार. म्हणजे त्याच्या लेखी खरा दोष होता स्विंग फार उभा असणं!

पुढे जॅक निकलॉसनं हात उंच नेऊन १९६२ ते १९८६ मध्ये १८ मेजर जिंकल्या, आणि वारं पुन्हा फिरलं. २००५ मध्ये जिम हार्डीनं सरळ सांगितलं की स्विंगच्या दोन जाती आहेत, एकीचं औषध दुसरीला देऊ नका.

आपल्या भाषेत, कोड वेगळं दिसतं म्हणून ते बग नसतं. आउटपुट बघा. बॉल सरळ जात असेल तर हात लावू नका. तो सारखा वळत असेल तर मात्र दुरुस्ती हवी. आधी उभं राहणं तपासा: फार ताठ उभं राहिलं की खांदे आडवेच वळतात, म्हणून कमरेतून थोडं वाका. मग पाठीमागे हातभर अंतरावर भिंत ठेवून सावकाश बॅकस्विंग करा. क्लब सुरुवातीलाच भिंतीला लागला तर तो फार आत जातोय. बॉल पायांपेक्षा खालच्या पातळीवर असेल अशा उतारावर मारूनही बघा, तिथे स्विंग आपोआप उभा होतो.

ही भिंत काही लोकांना फुकट मिळालीय. मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आहे. त्याच्या आसपासच्या वस्त्यांमधली कॅडी पोरं वाकवलेल्या लोखंडी सळया आणि प्लॅस्टिकचे बॉल घेऊन गल्लीबोळात गोल्फ खेळतात. अशा बोळात हात आडवा फिरवला तर कोपर सोलून निघणार. तिथला स्विंग बोळच ठरवतो, जसा सेंट अँड्र्यूजला तो लांब दांड्यानं ठरवला आणि आपल्याकडे बॅटनं.

म्हणून कोचनं 'फ्लॅट' म्हटलं की लाज वाटून घेऊ नका. फक्त एवढंच विचारा, "बॉल कुठे जातोय?"