जमिनीवर किती वेळ?

आमच्या घरी गेला महिनाभर जेवणाच्या टेबलावर दोन पत्रकं पडून आहेत. भूमध्य समुद्रातल्या आठवडाभराच्या बोटीच्या सफरीची. लेकीनं आम्हा दोघांसाठी घाट घातलाय. एक पत्रक पश्चिमेचं : बार्सिलोना, मार्सेलिस, जिनोआ, रोम, नेपल्स. दुसरं पूर्वेचं : अथेन्स, सँटोरिनी, कुशादासी, इस्तंबूल. मी इस्तंबूलच्या नुसत्या नावावर भाळलो. बायकोनं चष्मा लावून बारीक अक्षरांतल्या वेळा वाचल्या आणि विचारलं, ‘‘ते सगळं ठीक, पण जमिनीवर किती वेळ मिळणार?’’

प्रश्न घरगुती वाटला, तरी त्यामागं दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

८ जून १८६७ रोजी ‘क्वेकर सिटी’ नावाची आगबोट न्यू यॉर्कहून युरोप आणि पवित्र भूमीच्या सहलीला निघाली. भाडं १२५० डॉलर. उतारूंमध्ये मार्क ट्वेन हा तरुण पत्रकार होता. या सफरीचं माहितीपत्रक त्यानं आपल्या पुस्तकात दिलं आहे, ते वाचून आज हेवा वाटतो. मार्सेलिसला उतरा, पॅरिसचं प्रदर्शन बघा, मन भरलं नाही तर स्वित्झर्लंडमार्गे या आणि जिनोआला पुन्हा बोट गाठा. जिनोआहून मिलान, व्हेनिस करा. वाटलं तर रेल्वेनं फ्लॉरेन्सला जा आणि लिव्होर्नोला बोटीवर चढा. इटलीतल्या शहरांत सुमारे तीन आठवडे काढण्याची ही सोय होती. बोट परतली १९ नोव्हेंबरला.

पण अथेन्सला त्यांची फजिती झाली. बंदरात शिरताच हुकूम आला : अकरा दिवस क्वारंटाइन, नाहीतर चालते व्हा. कप्तानानं निघायचं ठरवलं. समोर अॅक्रोपोलिस दिसतंय आणि पाय टेकायची बंदी! ट्वेन आणि आणखी तिघं रात्री चोरून किनाऱ्याला लागले, द्राक्षमळे तुडवत चालत गेले, चांदण्यात पार्थेनॉन पाहिलं आणि उजाडायच्या आत पहारेकऱ्यांना चुकवून परतले. ठरवून दिलेल्या सहलींपेक्षा ही चोरटी रात्रच वाचकांच्या जास्त लक्षात राहते.

पुढं या हौसेचा धंदा झाला. हॅम्बुर्गच्या बोटकंपनीतल्या आल्बर्ट बालिन यांच्यापुढं अडचण होती ती हिवाळ्याची. अटलांटिक खवळलेला, उतारू थोडे, मोठाल्या बोटी रिकाम्या. त्यांनी २२ जानेवारी १८९१ ला ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ ही बोट २४१ उतारू घेऊन भूमध्य समुद्राकडं सोडली. सफर सुमारे दोन महिन्यांची. आजच्या क्रूझची सुरुवात अनेक जण तिथूनच मानतात.

पाच महिन्यांचे दोन महिने झाले. आता आमच्या पत्रकात सात रात्री आहेत. बोट पहाटे लागते, संध्याकाळी सुटते. बंदरात मिळणार आठ-दहा तास. त्यातही पत्रकातलं नाव आणि बोटीचा धक्का एकाच गावी असेल असं नाही. ‘रोम’ म्हणजे चिव्हितावेक्या बंदर. तिथून रोमला रेल्वेनं तासभर तरी लागतो. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या बोटींना व्हेनिसच्या सेंट मार्क चौकासमोरून जायला बंदी आहे, त्यामुळं ‘व्हेनिस’ म्हणजे कधी कधी राव्हेना. सँटोरिनीला बोट समुद्रातच नांगरते. लहान होडीनं किनाऱ्यावर जायचं आणि वर गावात पोचायला केबल कार, खेचर किंवा सहाशेच्या आसपास पायऱ्या. बायकोच्या गुडघ्यांनी पूर्वेचं पत्रक तिथंच बाजूला सारलं. नेपल्सचं बरं, धक्का शहरातच आणि पाँपेई लोकलनं पाऊण तासावर. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. बोटीच्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते. स्वतःच्या भरवशावर गेलेल्यासाठी थांबत नाही.

इस्तंबूल हुकलं म्हणून मी थोडा हिरमुसलो होतो. तेवढ्यात बायकोनं मार्सेलिसवर बोट ठेवलं. ‘‘इथं तुमचे आजोबा जायचे ना?’’

जायचे. रत्नागिरीकडचे आम्ही. विलायती बोटींच्या डेकवर त्या काळी कोकणातले मुसलमान खलाशी मोठ्या संख्येनं असत. आजोबाही त्यांतलेच. मार्सेलिस, जिब्राल्टर, माल्टा ही नावं मी भूगोलाच्या पुस्तकाआधी त्यांच्या तोंडून ऐकली. एकदा विचारलं, ‘‘मार्सेलिस कसं आहे?’’ ते म्हणाले, ‘‘धक्का चांगला आहे.’’ मला तो विनोद वाटला होता. बोट धक्क्याला लागली की खलाशाचं काम वाढतं, हे कळायला मला फार वर्षं लागली. इतक्या वेळा गेलेल्या माणसाला शहराविषयी सांगण्यासारखं काही नव्हतं.

पश्चिमेचं पत्रक पक्कं झालं. बायकोनं प्रत्येक बंदरापुढं पेन्सिलीनं सहल लिहिली. नेपल्सपुढं पाँपेई. रोमपुढं ‘फक्त दोन ठिकाणं, धावपळ नको’. मार्सेलिसपुढची जागा तिनं कोरी ठेवली. बोटीचा धक्का गावापासून काही किलोमीटर दूर आहे, पण बस मिळते. जुन्या बंदरात सकाळी मासळीबाजार भरतो म्हणे. तिथं जाऊन बसायचं, एवढंच ठरलंय.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)