माळवद उतरवलं तेव्हा

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली. आमचं गाव जरा लांब. घर उभं राहिलं, पण भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली. तोवर आमच्याकडं घर खणात मोजायचे. लाकडी खांब, दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती, वर माळवद. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात त्यावर पांढरी माती टाकायची. आजोबांपासूनचा तो थर आमच्याच डोक्यावर वाढत होता. किल्लारी भागात माणसं असल्याच मातीदगडाखाली गेली.

वडिलांनी माळवद उतरवून पत्रे घालायचं ठरवलं. अंगणात राखेनं नवं घर आखलं: इथं ओसरी, इथं बैठक, तिथं सैपाकघर. आई त्या रेघांत जाऊन उभी राहिली. म्हणाली, "मागल्या अंगानं एक दार ठिवा. रात्री म्या कुठून पळू?"

जुन्या घरात बायांना बाहेर पडायला बैठकीतूनच वाट होती. वडील काही बोलले नाहीत. पायानं राखेची रेघ पुसून त्यांनी दाराची जागा सोडली.

उन्हाळ्यात पत्र्याखाली जीव भाजतो, माळवदाचा गारवा आठवतो. पण त्या मागल्या दाराला आईनं रात्री कधी कडी घातली नाही.