लहान मुलाचे आवडते वस्त्र आणि वाकळीची परंपरा : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक अभ्यास

प्रास्ताविक :
दीड ते तीन वर्षे वयाचे मूल अनेकदा एखादे झबले, दुपटे किंवा सदरा घट्ट धरून बसते. तो धुवायला टाकला तर रडते, विरला तरी सोडत नाही. प्रस्तुत लेखिकेच्या अडीच वर्षांच्या मुलाने एक पिवळा सदरा असाच धरून ठेवला होता. सदरा लपवून पाहिला, तेव्हा मूल दोन रात्री झोपले नाही. अखेर सासूबाईंनी त्याचा एक तुकडा जुन्या वाकळीला लावून दिला आणि प्रश्न मिटला. या अनुभवातूनच प्रस्तुत विषयाकडे लक्ष वेधले गेले.

उद्दिष्टे :
१) सातारा-सांगली परिसरातील बालवस्त्रांच्या व्यवहाराचा मागोवा घेणे.
२) आधुनिक बालमानसशास्त्राच्या आधारे वाकळीच्या परंपरेचा अर्थ लावणे.
३) आजच्या पालकांच्या दृष्टीने तिची उपयुक्तता तपासणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या दोन जिल्ह्यांतील घरगुती रीतिभातींत मोठे साम्य आढळते. इतरत्र जिला गोधडी म्हणतात तिला येथे वाकळ म्हणतात, हे त्याचेच एक उदाहरण होय.

या परिसरात बाळाचे पहिले वस्त्र बहुधा नवे नसे. धोतराच्या मऊ कापडाची बाळुती, लुगड्याचे दुपटे आणि दुसऱ्या मुलाच्या अंगचे झबले यांवर त्याचे पहिले महिने जात. धुऊन धुऊन मऊ झालेले कापड कोवळ्या कातडीला सोसते, हा त्यामागील व्यवहारी विचार होता. मूल मोठे झाले की तेच कापड वाकळीत जाई. वर-खाली लुगडे, मध्ये जुन्या कपड्यांचे थर आणि त्यावर हाताने घातलेले धावदोऱ्याचे टाके, अशी तिची रचना असे. आजीचे लुगडे, वडिलांचे धोतर व मुलाचे स्वतःचे झबले एकाच पांघरुणात एकत्र येत.

या परंपरेमागे बालमानसशास्त्र नव्हते, तर टंचाई होती, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही टंचाई अधिक तीव्र झाली. १९४३ मध्ये ब्रिटिश सरकारने सुती कापड व सूत यांवर नियंत्रण आणले. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार कार्यरत होते, तोच हा काळ. त्या लढ्याचा इतिहास लिहिला गेला; परंतु त्याच घरांतील स्त्रियांनी एकेका चिंधीचा केलेला हिशेब मात्र इतिहासात फारसा नोंदला गेला नाही.

मानसशास्त्रीय विवेचन :
ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ व मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशा वस्तूस 'संक्रमण वस्तू' मानले. आई ही आपल्याहून वेगळी आहे, हे मुलाला हळूहळू उमगत असते. त्या अवस्थेत ही वस्तू त्याला आधार देते. म्हणून ती मळली, तिला वास आला तरी पालक ती चालवून घेतात; कारण धुतल्याने मुलाच्या अनुभवातील सातत्य तुटते, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे मूल ती वस्तू विसरत नाही, तिच्यासाठी शोकही करीत नाही. तिचे महत्त्व आपोआप ओसरते.

इटलीतील गद्दिनी दांपत्याने १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ग्रामीण मुलांमध्ये अशा वस्तूंची ओढ शहरी मुलांपेक्षा पुष्कळच कमी आढळली. आईजवळ झोपणाऱ्या मुलाला तिच्या जागी दुसरी वस्तू शोधावी लागत नाही, असा त्याचा अर्थ लावता येतो. आपल्याकडील एकत्र कुटुंबात आईचा पदर आणि आजीची वाकळ हाताशीच असे. कापडाचा हट्ट तेथे अजिबात नव्हता असे म्हणता येणार नाही. मात्र तो वेगळा उठून दिसण्याचे कारण कमी होते.

वर्तमान संदर्भ :
तयार कपडे स्वस्त झाले, कुटुंबे लहान झाली आणि घरी वाकळ शिवणारे हात कमी झाले. टंचाई संपली ही इष्टच गोष्ट होय. परंतु तिच्यासोबत एक उपायही मागे पडला. आज जुना कपडा लपवणे किंवा टाकून देणे एवढेच पर्याय पालकांना सुचतात. वाकळीत कपडा नाहीसा होत नसे, फक्त त्याचे रूप बदले. मूल बोटाने आपला तुकडा शोधू शके.

ऑगस्ट २०१९ मधील कृष्णेच्या महापुरात सांगली परिसरातील असंख्य कुटुंबांना घर सोडावे लागले. अशा प्रसंगी मदत म्हणून नवे कपडे मिळू शकतात, पण मुलाचे ओळखीचे दुपटे मिळत नाही. घर सोडताना कागदपत्रांच्या पिशवीत तेही ठेवावे, हे सांगणे म्हणूनच क्षुल्लक ठरत नाही.

निष्कर्ष :
१) कापडाविषयीची मुलाची ओढ हा हट्टीपणा अथवा दोष नसून वाढीतील एक टप्पा आहे.
२) वाकळीची परंपरा टंचाईतून जन्मली, तरी तिने मुलाला जुन्या वस्त्रापासून हळूहळू दूर होण्याची वाट दिली.
३) पालकांनी आवडता कपडा हिरावून घेऊ नये. मूल झोपले असता तो धुवावा आणि फाटल्यास त्याचा तुकडा उशी किंवा पांघरुणास जोडावा.
४) घरगुती वस्त्रव्यवहार व त्यामागील स्त्रियांचे श्रम यांना स्थानिक इतिहासलेखनात स्थान मिळणे आवश्यक आहे. वाकळी शिवणाऱ्या पिढीकडून ही माहिती वेळीच नोंदवून घेतली पाहिजे.