पिशवीचा सपाट तळ

भाजी आणण्यासाठीं घरोघरीं जी साधी कापडी पिशवी शिवतात, तिला खरें पाहतां तळ असा नसतोच. कापडाचे दोन तुकडे एकमेकांवर ठेवून तीन बाजू शिवल्या कीं खालीं उरते ती केवळ एक शिवण. सारा भार तिच्यावर येतो, सामान मध्यभागीं गोळा होतें आणि जमिनीवर ठेवतांच पिशवी कलंडते. हा दोष घालविण्याची युक्ति सोपी आहे. पिशवीची आंतली बाजू बाहेर काढून बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर आणावी, म्हणजे कोपऱ्याचा त्रिकोण होतो. त्याच्या टोंकापासून दोन इंचांवर आडवी शिवण घातली, तर ती चार इंच लांब भरते. दुसरा कोपराहि तसाच शिवला कीं चार इंच रुंदीचा तळ तयार होतो.

माणसाच्या हाताला सहज साधणारी तळाची ही घडण यंत्राला शिकविणें मात्र सोपें नव्हतें. अमेरिकेंत फ्रान्सिस वोल यांनीं १८५२ सालीं कागदी पिशव्यांच्या यंत्राचें पेटंट घेतलें होतें. परंतु त्या काळच्या यांत्रिक पिशव्या पाकिटासारख्या चपट्या असत. किराणा मालास सोयीची, सपाट तळाची पिशवी हातानेंच घड्या घालून चिकटवावी लागे.

ही अडचण मार्गारेट नाइट यांनीं दूर केली. त्यांचा जन्म १८३८ सालीं मेन संस्थानांत झाला आणि लहान वयांतच त्यांना कापडगिरणींत काम करावें लागलें. पुढें मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथें कागदी पिशव्यांच्या कारखान्यांत असतां त्यांनीं सपाट तळाची घडी घालणारें यंत्र योजिलें. प्रथम लाकडी नमुना केला, मग बोस्टन येथें लोखंडी नमुना करावयास दिला. तेथें चार्ल्स ॲनन यांनीं तो पाहिला आणि पेटंटसाठीं स्वतःच्या नांवें अर्ज केला!

अमेरिकेंतील स्त्रियांना मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती १९२० सालीं झाली. हा तंटा त्यापूर्वीं अर्धशतकाचा. नाइटबाईंनीं पेटंट कचेरीपुढें आपल्या नोंदी व रेखाटनें ठेवलीं, साक्षीदार उभे केले. निकाल त्यांच्या बाजूनें लागला आणि ११ जुलै १८७१ रोजीं पेटंट त्यांच्या नांवें झालें. त्या १९१४ सालीं वारल्या, तोंवर इतरहि अनेक शोधांचीं पेटंटें त्यांच्या नांवावर जमा झालीं होतीं.

पुढें चार्ल्स स्टिलवेल यांनीं १८८३ सालीं बाजूंना चुण्या असलेल्या पिशवीचें यंत्र काढलें. ती पिशवी चपटी घडी होऊन राही आणि उघडतांच उभी राही. कापडाच्या बाबतींत मेनमधीलच एल. एल. बीन यांच्या पेढीनें १९४४ सालीं मोटारींतून बर्फाच्या पेटीपर्यंत बर्फ वाहण्यासाठीं जाड कॅनव्हासची थैली विक्रीस आणली. हीच थैली १९६५ पासून ‘बोट अँड टोट’ या नांवानें रूढ झाली. तिच्या तळाशीं कॅनव्हासचा दुहेरी थर असतो.

कागद असो वा कॅनव्हास, पिशवीचा भार तिचा तळ पेलतो. नाइटबाईंच्या हक्काचा भार त्यांच्या नोंदींनीं पेलला. काम करतां करतां त्यांनीं तीं रेखाटनें जपून ठेवलीं नसतीं, तर ह्या शोधावर बहुधा दुसऱ्याचेंच नांव राहिलें असतें.