दिनविशेष : १५ ऑक्टोबर

१८५७ : दिवाळीत मुंबईत उठाव करण्याच्या कटाच्या आरोपावरून मरीन बटालियनचे ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि दहाव्या पलटणीचे शिपाई मंगल गाडिया यांना कोर्ट मार्शलने दोषी ठरवले. आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात त्यांना तोफेच्या तोंडी दिले. उठाव झालाच नाही. पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेटने भिंतीआडून ऐकलेले बोलणे त्यांना भोवले.

फौजेने आपल्याच माणसाचा न्याय करताना घाई करू नये, हे या प्रकरणाइतके ठळकपणे क्वचितच दिसते. आज कोर्ट मार्शलविरुद्ध सशस्त्र सेना न्यायाधिकरणात अपील करता येते. त्या दोघांना ती वाट नव्हती. त्यांच्या स्मरणार्थ मुंबईत उभारलेल्या अमर जवान स्मारकाची ऑगस्ट २०१२ च्या दंगलीत नासधूस झाली, तेव्हा त्यांची नावे किती मुंबईकरांना ठाऊक होती?